अस्वलानं न चावलेली बोटं

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अस्वलानं चावलं, हे आमच्या घरात लहानथोरांना पाठ होतं. अस्वल कधी काळं असायचं, कधी तपकिरी, ऐकणारा कोण आहे त्यावर. एकदा तर मी त्याची लेकुरवाळी अस्वलीण केली, आणि मला सोडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं असंही ठोकून दिलं. ऐकणाऱ्या बाईंनी रुमाल काढला. दोन्ही बोटं शेवटच्या पेरातून अशी वाकलेली आहेत की त्यांच्यावर टोपी टांगता येईल. पण टोपी मी कधी टांगत नाही, ती कायम डोक्यावर असते. त्याचंही खापर अस्वलावरच फोडलं होतं. टाळूवर पंजा पडला, म्हणून टोपी.

आमचा धंदा जुन्या लाकडाचा. लंगड्या खुर्च्या, तोंड वासलेली कपाटं, भुंग्यानं पोखरलेली टेबलं आमच्याकडे येतात आणि तरुण होऊन परत जातात. यातलं निम्मं कसब दुरुस्तीचं आणि निम्मं लपवण्याचं, हे बाहेर कुणी बोलत नाही इतकंच. भोकात लांबी, म्हणजे पुटी, भरायची, तिच्यात लाकडाचा रंग कालवायचा, घासून सपाट करायची आणि वर चपड्याच्या लाखेचे सात हात मारायचे. आणि एक नियम, मला शिकवणाऱ्यापासून चालत आलेला: उघडी खोट गिऱ्हाइकाला दाखवायची नाही. काम पुरं होईपर्यंत वस्तूवर चादर. खोट बघितली की गिऱ्हाईक घाबरतं, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक नवीन टेबल विकत घेतं.

हे सगळं मी माझ्या भाचीला शिकवलं. ताईची ही एकुलती एक मुलगी, वय चोवीस. जिभेला सुताराच्या पटाशीची धार म्हणून मी तिला पटाशी म्हणायला लागलो, आणि पुढे हातही तसाच निघाला. तिनं बुजवलेलं भोक शोधायला खुद्द भुंगा परत आला तर तोही शेजारच्या दुकानात पत्ता विचारत बसेल. मला स्वतःला तिचं काम दोनदा सापडलेलं नाही. तिसऱ्यांदा सापडलं ते तिनंच दाखवलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

तिचं दुखणं पायाच्या बोटापासून सुरू झालं. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं, लाल झालं. खुर्चीचा पाय पडला असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. आमच्या धंद्यात कुणाच्या ना कुणाच्या पायावर काहीतरी पडतच असतं. मग टाच धरली. सकाळी पलंगावरून उतरली की ती खडीवरून अनवाणी चालल्यासारखी न्हाणीघरापर्यंत जायची. मग उजव्या हाताचं मधलं बोट, तेही सबंध, गाजरासारखं. सकाळी तासभर कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसल्याशिवाय तिला पॉलिशचा बोळा धरता येईना. कोपरावर पांढुरके पापुद्रे सुटणारा चट्टा होता, पण त्याचं कुणाला काय वाटणार? स्पिरिटमध्ये हात घालणाऱ्या माणसांची कातडी सुटतेच.

आणि मग नखं. एका सकाळी तिनं हात माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, “मामा, मला भुंगा लागला बघ.”

नखांवर बारीक बारीक खड्डे होते, सुईनं टोचल्यासारखे. मी हसलो. हसता हसता मी तिचा हात खाली केला. कारण ते खड्डे मी ओळखले होते. ओळखले, आणि त्याच क्षणी ओळख विसरलो. माणसाला हे जमतं. मला तर फारच चांगलं जमतं.

तिनं आमच्या पद्धतीनंच इलाज केला. लांबीत किंचित गुलाबी रंग कालवला, खड्डे भरले, बारीक कागदानं घासलं आणि वर लाखेचे सात हात. नखं अशी झळकायला लागली की त्यांत बघून भांग पाडावा. मी चष्मा लावून बघितलं, जोड कुठे सापडला नाही. शाबास म्हणालो. आजही तो शब्द आठवला की जीभ चावावीशी वाटते.

तीच नखं घेऊन ती हाडांच्या डॉक्टरकडे गेली. बरोबर ताई आणि मी. डॉक्टर घाईतला माणूस, पण वाईट नव्हता. त्यानं एक्स-रे बघितले, म्हणाला हाडं साफ आहेत. संधिवाताची रक्तचाचणी बघितली, म्हणाला तीही साफ आहे. हात उलटसुलट केले. लांब बाह्यांच्या आत काय आहे ते त्यानं विचारलं नाही आणि आम्ही दाखवलं नाही. उघडी खोट दाखवायची सवयच नव्हती आम्हाला. घरात कुणाला सांध्यांचा, कातडीचा आजार? ताई म्हणाली, छे. आणि ती खरंच बोलत होती, तिला माहीत होतं तेवढं. मग डॉक्टरची नजर माझ्या हातावर गेली आणि यांचं काय, असं त्यानं विचारलं. मायलेकी एका सुरात म्हणाल्या, अस्वल.

त्यानं पेन खाली ठेवलं. मी गोष्ट सांगितली. काय रंगली म्हणून सांगू. पुढचा पेशंट अर्धा दारातून आत येऊन ऐकत उभा राहिला. डॉक्टरनं हसत हसत वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, हाताला विश्रांती द्यायला सांगितली आणि मला म्हणाला, पुन्हा या.

त्यानंतरचे चार महिने मी मोजू नयेत म्हणून खूप काम केलं. पटाशी गोळ्या घेत होती आणि कमी कमी होत चालली होती. दुसरं बोट सुजलं. मधल्याचं टोक हळूच खाली बघायला लागलं. ब्रश बोटांत राहीना म्हणून तिनं तो कापडाच्या पट्टीनं तळव्याला बांधायला सुरुवात केली. मी बघतोय हे तिला दिसलं की पाठ करायची. तिची जीभ तेवढी चालू होती. हात गेले तर मी काय करू, सांग, असं एकदा रंधा साफ करता करता म्हणाली. गाणं म्हणू? गळा नाही. शिकवायला जाऊ? पोरं पळून जातील. तुझ्यासारख्या थापा मारू? त्याला तर तोंड पुरतं. मी हसलो आणि ती हसली नाही, तेव्हा मला कळलं की हा विनोद नव्हता.

ताईला वाटत होतं, पोरगी कामाला कंटाळली. तसं ती बोलूनही दाखवायची. मी काहीच बोलत नव्हतो, आणि मी बोलत नाही याचं तरी कुणाला नवल वाटायला हवं होतं.

मग ती दाराची गोष्ट घडली. आमच्या कामाच्या जागेमागे लाखेची आणि स्पिरिटची कोठी आहे. तिला खिडकी नाही. दाराला आतून जुनी पितळी गोल मूठ आहे, फिरवल्याशिवाय उघडत नाही. मीच बसवलेली, दिसायला छान म्हणून. भर दुपारी पटाशी स्पिरिट आणायला आत गेली आणि वाऱ्यानं दार लागलं. मी बाहेर एका टेबलाचा पाय बसवत होतो. थोड्या वेळानं आतून खरवडल्यासारखा आवाज आला. उंदीर असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

“मामा, मूठ फिरत नाही.”

मी म्हणालो, डावीकडे फिरव. ती म्हणाली, मुठीला काही झालेलं नाही.

बाहेरची मूठ मी कधी लावलीच नव्हती. बाहेरून किल्ली, आणि किल्ली आत, तिच्या खिशात. दाराखालच्या फटीतून सरकव म्हटलं, तर फट कागद जाईल इतकीच. तीही माझ्याच हातची, धूळ येऊ नये म्हणून नेमकी. बिजागऱ्या काढायला लागणार होत्या. स्क्रू रंगाच्या थराखाली गाडलेले होते, कारण स्क्रू दिसलेले मला आवडत नाहीत. एकेक थर खरवडत मी काम सुरू केलं, आणि माझ्या हातात पेचकस असूनही तो दोन बोटांशिवायच धरावा लागतो, हे मला पहिल्यांदाच नीट दिसलं.

आतून ती बोलत होती. बोलत राहिली तर बरं, असं तिला वाटत असावं. स्पिरिटच्या वासानं डोकं गरगरतंय म्हणाली. दोन्ही तळव्यांत मूठ धरून बघितली म्हणाली, दातानंसुद्धा बघितली. मग म्हणाली, “मामा, अस्वलानं चावलं तेव्हा तू घाबरला होतास?”

पहिली बिजागरी निघाली होती. मी दाराला कपाळ टेकलं. तोंडाकडे कुणी बघत नसलं की खोटं बोलणं अवघड जातं, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी मी उलट समजत होतो.

“अस्वल नव्हतं,” मी म्हणालो.

आत एक डबा सरकल्याचा आवाज आला.

मग मी सगळं सांगितलं, दारालाच. मी तिच्याएवढा होतो. लांबच्या गावी एका मोठ्या कारखान्यात पॉलिशचं काम करत होतो. आधी टाच, मग बोटं, मग नखांचे खड्डे. डोक्यात चट्टे, कपाळापर्यंत उतरलेले. शेजारच्या माणसानं आपलं स्टूल लांब सरकवलं, मग त्याच्या शेजारच्यानं. मालक म्हणाला, गिऱ्हाइकांच्या वस्तूंना हात लावू नकोस. तो रोग लागट नाही, पण तेव्हा ते सांगायला कुणी नव्हतं आणि विचारायला मी गेलो नाही. डॉक्टरकडे जायची मला भीती वाटत होती. बोटं वाकली, मग आपोआप दुखायची थांबली. घरी परत येताना गाडीत समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, हाताला काय झालं, आणि माझ्या तोंडून अस्वल निघालं. त्यानं मला बसायला खिडकीची जागा दिली. जखमी माणसाला खिडकी मिळते, रोगी माणसाला अख्खा बाक. दोन्हींतला फरक एकदा कळला की अस्वल सोडवत नाही.

दुसरी बिजागरी निघाली. मी दार बाजूला घेतलं. पटाशी डब्यांमध्ये बसली होती, मांडीवर हात उताणे ठेवून. तिचा चेहरा लाकूड घासण्याआधी असतं तसा कोरडा झाला होता.

“हे तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी तुला नखं दाखवली तेव्हा.”

मी हो म्हणालो.

ती उठली, माझ्या शेजारून गेली, कामाच्या बाकावर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. मी स्पिरिट आणि कापूस घेतला आणि तिच्या नखांवरचे लाखेचे हात एकेक करून उतरवले. तिच्या बोटांना कापूस धरवत नव्हता, नाहीतर तिनं मला हात लावू दिला नसता. लाख गेली, गुलाबी लांबी गेली. खाली खड्डे वाढले होते, आणि दोन नखं मुळापासून सुटून पिवळी पडली होती. वर सात हात चकाकत होते आणि खाली हे चाललं होतं.

ताईला त्या संध्याकाळी सांगितलं. ती माझ्याशी सव्वा आठवडा बोलली नाही. पण सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ तिनंच घेतली, वीस दिवसांनंतरची, त्याआधी जागा नव्हती.

ते वीस दिवस कसे काढले ते विचारू नका. पटाशी रोज सकाळी यायची, आपला उजवा हात बाकावर ठेवायची आणि माझा ओढून शेजारी ठेवायची. मग बघायची. तिचं मधलं बोट माझ्या करंगळीच्या वाटेवर किती पुढे आलंय ते. मी म्हणायचो, सूज उतरली की तुझं बोट सरळ होईल. ती म्हणायची, तू गप्प बस. मग मी गप्प बसायचो, आणि दोन हात शेजारी शेजारी पडून राहायचे, एकाच झाडाच्या दोन फळ्यांसारखे. मला भीती वाटायची की एखाद्या सकाळी कुठला कुणाचा ते कळणार नाही.

डॉक्टरीणबाई वयानं पटाशीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी नखं बघितली. मग कोपर, कानामागे, केसांत, बेंबीत, टाच. एकेक बोट दोन्ही बाजूंनी दाबलं. पटाशीनं ओठ दाबून धरले होते. बाई म्हणाल्या, याला सोरायसिसचा संधिवात म्हणतात. रक्ताच्या त्या चाचणीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही, नखं बघावी लागतात. आधी कुणी नखं बघितली नाहीत का, असं त्यांनी विचारलं. पटाशी म्हणाली, बघितली, पण आम्ही ती दुरुस्त करून नेली होती. बाईंना ते समजायला जरा वेळ लागला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी टोपी काढली. ताईनं माझं डोकं पंचवीस वर्षांनी बघितलं, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, खुर्ची सरकवेल. तिनं सरकवली, माझ्याकडे.

बाईंनी माझी बोटं हातात घेतली, आणि विचारलं की सुरुवात झाल्यापासून वाकायला किती दिवस लागले.

मला कळत होतं, पटाशी ऐकते आहे. माझ्या जिभेवर दहा वर्षं तयार होती. दहा वर्षं म्हटलं असतं तर पोरीनं सुखानं श्वास घेतला असता, आणि बाईंनी कदाचित आणखी थोडं थांबून बघू म्हटलं असतं. मी जमिनीकडे बघितलं.

“आठ महिने,” मी म्हणालो.

पटाशीनं मनात मोजलं असावं. तिचा सातवा चालू होता. तिनं ओरडावं, रडावं, मला बोलावं असं मला वाटत होतं. ती फक्त मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली, जसं कुणी उकळायला लागलेल्या दुधाकडे बघतं.

बाई एकदम झटपट लिहायला लागल्या. छातीचा एक्स-रे, रक्त, लिव्हरची तपासणी, आजच. मग आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. एकदाच, एकच ठरलेला वार. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं त्यांनी तीनदा बजावलं आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितलं. गुण यायला सहा आठवडे, कदाचित तीन महिने. नाही आला तर इंजेक्शनं आहेत. पटाशीनं एकच प्रश्न विचारला, मधलं बोट सरळ होईल का. सूज आहे तितकं सुटेल, बाई म्हणाल्या, सांधा झिजला असेल तितकं राहील, किती ते आत्ता सांगता येत नाही. ही गोळी पुढचं वाकू नये म्हणून. जाता जाता त्यांनी मलाही वेळ दिली. माझी बोटं गेली ती गेली, पण गुडघे अजून शिल्लक आहेत म्हणाल्या.

रिपोर्ट ठीक आले. ठरलेल्या वारी, सकाळी नाश्त्यानंतर, पटाशी माझ्या स्वयंपाकघरात आली. स्वतःच्या घरी घेणार नाही म्हणाली, आई बघत बसते. गोळी पिवळी, मसुराच्या दाण्याएवढी. एवढ्याशा गोळीबरोबर टेबलक्लॉथएवढा कागद होता, घडी घातलेला. त्याची घडी तिला उलगडेना. तिनं तो माझ्यापुढे सरकवला.

“वाच,” म्हणाली. “मला माहीत असू दे काय काय होऊ शकतं.”

मी चष्मा लावला. मळमळ, वाचलं. तोंड येणं, वाचलं. थकवा. केस थोडे गळतात. मग पुढची ओळ आली, आणि मी डोळे खालच्या ओळीवर नेले, आणि डोकेदुखी असं वाचलं.

“मधली ओळ,” पटाशी म्हणाली. तिला कागद उलटा दिसत होता. पण माझे डोळे सुलटे दिसत होते.

मी म्हणालो, ते फार क्वचित होतं असं लिहिलंय.

“मामा, सगळं वाच.”

मग मी सगळं वाचलं. लिव्हर, फुप्फुस, रक्तातल्या पेशी, ताप आला तर ताबडतोब, श्वास लागला तर ताबडतोब, मूल होऊ द्यायचं असेल तर कितीतरी महिने आधी बंद. दोन्ही बाजू वाचल्या, कंपनीच्या पत्त्यापर्यंत. माझा आवाज मध्येच बारीक झाला, तो मी खाकरून सरळ केला नाही. पटाशी ऐकत होती. एक-दोन ठिकाणी तिनं पुन्हा वाचायला लावलं. संपलं तेव्हा दोघांच्याही कपाळावर घाम होता.

तिनं गोळी तळव्यात घेतली. चिमटीत धरता येत नव्हती, म्हणून तळवाच तोंडाला लावला. पेला दोन्ही हातांनी उचलला. मी हात पुढे केला तर तिनं मानेनं नको म्हटलं. पाणी हनुवटीवर सांडलं, बाकीचं आत गेलं.

मग कॅलेंडरवर खूण करायची होती. पेन्सिल तिनं मुठीत धरली आणि त्या वारावर एक वाकडी फुली मारली. आणि आम्ही दोघं टेबलाशी समोरासमोर बसलो. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिला काही व्हायला लागलं तर ते आधी कुणाला दिसतं, याची वाट बघत.